घराच्या बदल्यात घर

फुकट काही मिळत नाही, असं मी एकताला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"फुकट नाही आहे बाबा. घराच्या बदल्यात घर आहे. आधी समजून तर घ्या."

एकता माझी मुलगी. इथे एमपीतच, नेपियर टाउन भागातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तिच्या आईला, म्हणजे पार्वताला, मुंबई पाहायची होती. ही इच्छा आजची नाही. फॅक्टरीतल्या लोकांबरोबर मी दोनदा सहा डिसेंबरला मुंबईला गेलो, शिवाजी पार्कावर झोपलो, चैत्यभूमीवर अभिवादन केलं आणि परत आलो. दोन्ही वेळेला पार्वता घरीच राहिली. पहिल्यांदा एकता पोटात होती, दुसऱ्यांदा तिला गोवर निघाला होता. पुढच्या वर्षी नेतो, पुढच्या वर्षी नेतो म्हणता म्हणता मी रिटायर झालो आणि तिचे गुडघे दुखायला लागले. मुंबईतल्या बऱ्या लॉजमध्ये पाच दिवस राहायचं म्हणजे माझी महिन्याची पेन्शन तिथल्या गादीवरच झोपणार. म्हणून मी तो विषय काढत नव्हतो, आणि पार्वताही काढत नव्हती.

एकताने इंटरनेटवर एक जागा शोधून काढली होती. तिथे लोक पाच-सहा दिवसांसाठी एकमेकांची घरं बदलून घेतात. माहीमचं एक रिटायर जोडपं होतं, रामकृष्ण आणि यामिनी. त्यांना आमच्याकडचा भेडाघाट आणि नर्मदा पाहायची होती. त्यांनी आमच्या रांझीच्या घरात राहायचं, आम्ही त्यांच्या फ्लॅटमध्ये. कोणी कोणाला पैसा द्यायचा नाही.

"माहीममध्ये फ्लॅट असलेला माणूस रांझीत काहून येईल?" मी विचारलं. "भेडाघाटले हॉटेलं नाहीत का?"

"त्यांचा पण बजेट असते बाबा."

मी फॅक्टरीत बत्तीस वर्षं एक्झामिनर होतो. लोक वस्तू बनवायचे, मी त्यातली खोट काढायचो. माझ्या लेखी चांगला माल म्हणजे ज्यातली खोट अजून सापडलेली नाही असा माल. मी सांगून टाकलं की माय-लेकी खुशाल जा, पण घर परक्याच्या हाती देऊन मी कुठे जाणार नाही. मागची खोली माझी, बाकीचं घर त्यांचं. एकताने तसं कळवलं आणि ते लोक लगेच 'चालेल' म्हणाले. इतक्या लवकर चालेल म्हणाले, हेही मला खटकलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आलो तर एकता हॉलमध्ये स्टुलावर उभी होती. आमच्या हॉलमध्ये दोन तसबिरी आहेत, एक बुद्धाची आणि एक बाबासाहेबांची. बाबासाहेबांची मोठी, तीन फूट उंच, घर बांधलं तेव्हा ओमती भागातल्या फ्रेमवाल्याकडून बनवून घेतलेली. ती एकताच्या हातात होती.

"काय करून राहिली?"

"मागच्या खोलीत ठेवते. पाच दिवसांचा तर सवाल आहे."

"आणि बुद्ध?"

"बुद्ध सगळ्यांना चालते," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. मग स्टुलावरून उतरून सगळं सांगितलं. पहिल्यांदा तिने घराचे फोटो होते तसेच टाकले होते. दोन महिने एकाचंही उत्तर आलं नाही. मग हॉलचा फोटो तसबीर काढून पुन्हा टाकला, तर चार दिवसांत सहा जणांनी विचारलं. आडनाव तिथे द्यावं लागत नव्हतं, नुसतं नाव पुरत होतं. फाटकावरची 'गजभिये' लिहिलेली पाटीही तिने सकाळीच काढून कपाटात ठेवली होती.

"त्यांना आवडलं नाही आणि ते इथून निघून गेले, तर आम्हाला पण तिथून निघावं लागते बाबा. आईला घेऊन मी मुंबईत कुठे जाऊ, बताओ?"

मी बोलणार होतो. चांगलं खणखणीत बोलणार होतो. पण आतल्या खोलीत पार्वता पिशवीत साड्या भरत होती, तिचा हात थांबला होता आणि ती दाराकडे पाहत होती. मी बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि तसबिरीचं दुसरं टोक धरलं. मला लाज वाटली, आणि ती मुलीची नव्हती, माझी स्वतःची होती.

माय-लेकी रात्रीच्या गाडीने गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. रामकृष्ण पासष्टीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कागदावर लिहिल्यासारखं. यामिनी ठेंगणी, गप्प, सगळीकडे पाहणारी. चहा विचारला तर "आत्ताच झाला" म्हणाले. जेवणाचं विचारलं तर रामकृष्ण हात जोडून म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठी काहीच करायचं नाही. आम्ही बाहेरच खाणार आहोत."

पाण्याच्या बाटल्याही त्यांनी सोबत आणल्या होत्या, एक-दोन नव्हे, सहा. आमच्या माठाकडे दोघांनी पाहिलंसुद्धा नाही. मी मागच्या खोलीत येऊन बसलो. मनात म्हटलं, गुलाबराव, हे तुला नवं नाही. माणूस पाणी पीत नाही तेव्हा त्याला तहान नाही, असा अर्थ फक्त लहान मुलं काढतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्मदेवर ग्वारीघाटला जाताना आतल्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. माझ्याच घरात, माझ्याच दाराला! तसबीर माझ्या खोलीत पलंगामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, आणि माझ्या घरातली निम्मी जागा दुसऱ्याच्या किल्लीत. हे लोक नक्की घर पाहायला आले आहेत, मला वाटलं. रांझीत हल्ली जमिनीचे भाव वाढलेत. कोणी बिल्डरने पाठवले असतील. नाहीतर यांच्यामागे काही लफडं असेल आणि ते मुंबईतून पळाले असतील. रामकृष्ण कोणाचाही फोन आला की अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायचा.

मुंबईची बातमी रोज संध्याकाळी यायची. पार्वताचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"ऐका जी, आज आम्ही दुमजली बसमध्ये बसलो. वरती, एकदम समोर. एसी! एवढ्याशा तिकिटात पूर्ण मुंबई दाखवली त्यानं. कोणी उठा म्हणून नाही म्हणालं, तर आम्ही उतरलोच नाही. तशाच वापस आलो."

मग एकता सांगायची. समुद्रासमोरच्या मोठ्या हॉटेलात चहा म्हणे सातशे रुपयांचा. त्या दोघींनी समोरच्या कट्ट्यावर बसून पंधरा रुपयांचा घेतला. समुद्र तोच, वारा तोच. पार्वताला लघवीला लागली तर एकता तिला थेट त्या हॉटेलात घेऊन गेली. दरवाजावरच्या पगडीवाल्याने सलाम केला आणि पार्वतानेही त्याला उलटा सलाम केला. आत हात पुसायला खरे टॉवेल होते, कागद नव्हे. चित्रांचं एक प्रदर्शन फुकट होतं, तिथे थंड हवेत बाकावर तासभर बसून गुडघे मोकळे केले. आणि पहिल्याच सकाळी फ्लॅटपासून चालत चैत्यभूमी. गर्दी नाही, रांग नाही. पार्वता म्हणाली, मी खूप वेळ बसली तिथे, कोणी हटकलं नाही.

मी ऐकायचो, हूं हूं करायचो. आनंद व्हायचा, आणि त्याच आनंदाने माझे हात बांधले जायचे. त्या कट्ट्यावर चहा पीत होत्या म्हणून मी इथे गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हॉलमध्ये गेलो तर रामकृष्ण भिंतीसमोर उभा होता. हातात चष्मा. तसबीर निघाल्यावर भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिला होता, वर दोन जाड खिळे. तो त्या चौकोनाकडे पाहत होता, मी फॅक्टरीत तपासायला आलेल्या मालाकडे पाहायचो तसा.

"इथे काय होतं, गुलाबराव?"

"कॅलेंडर," मी म्हणालो.

"मोठं होतं."

"फॅक्टरीचं होतं. मोठंच देतात."

तो "अच्छा" म्हणाला आणि आत गेला. मी तिथेच उभा राहिलो. ज्या माणसाने माझ्या बापाला माणूस केलं, ज्याच्यामुळे मी शाळेत बसलो आणि फॅक्टरीच्या गेटातून मान वर करून आत गेलो, त्याला मी माझ्याच घरात कॅलेंडर म्हणालो होतो. कोणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. नुसतं विचारलं होतं.

चौथ्या दिवशी ते दोघे टॅक्सी करून भेडाघाटला गेले. मी फाटकाशी उभा होतो तर शेजारचा पुंडलिक आला. तो आणि मी फॅक्टरीतल्या एकाच बॅचचे, आता त्याचं गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे.

"भाऊ, तुमचा मेहमान कोण आहे जी? काल मले पूछताछ करत होता. म्हणे, गुलाबरावांचं आडनाव काय, हे मूळचे कुठले."

"तू काय सांगितलं?"

"मी कायले सांगू? म्हटलं, खुद पूछ लो."

बस्स. माझं डोकं फिरलं. पाणी प्यायचं नाही, जेवायचं नाही, भिंत पाहायची आणि मग शेजाऱ्याला आडनाव विचारायचं. आता खोट शोधायला काही उरलं नव्हतं, ती हातात आली होती. मी घरात जाऊन पार्वताला फोन लावला.

"सामान भरा. उद्याच्या गाडीने वापस या. मी तसबीर लावून राहिलो आहे. त्यांना राहायचं तर राहतील, नाहीतर जातील. मी आता कोणाच्या बापाले घाबरत नाही."

"ऐका जी..."

"ऐकत नाही. पाच दिवसांच्या मुंबईसाठी मी..."

"ऐका तर," पार्वता म्हणाली. "मी तुम्हालेच फोन करणार होती. चादर घ्यायची होती म्हणून एकतानं वरचं कपाट उघडलं. त्या बाईनंच सांगितलं होतं, चादरी वरती आहेत म्हणून. तर मागे जुन्या साडीत गुंडाळून काही ठेवलं होतं, ते चादरीसंगं खाली आलं. बाबासाहेबांचा फोटो आहे जी. सुकलेला हार आहे त्याले, आणि मेणबत्तीचा एक तुकडा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आपल्याच माणसाच्या घरात राहून राहिलो आपण," ती म्हणाली. "आणि तुम्ही शक करत होते. मी तो पुसला, हॉलमध्ये टेबलावर ठेवला, फुलं ठेवली. किती छान दिसते म्हणून सांगू."

मी फोन ठेवला आणि खाली बसलो. नंतर हसलो, एकटाच, बराच वेळ. म्हणजे तेही आमच्यासारखेच घाबरलेले होते. आम्ही त्यांना घाबरून तसबीर काढली आणि त्यांनी आम्हाला घाबरून. मी स्टूल आणलं, पलंगामागून तसबीर काढली, कपड्याने काच पुसली आणि तिच्या जागेवर लावली. पाटीही फाटकाला लावून आलो. भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर वाटीभर ठेचा करून ठेवला.

पाच वाजता ते आले. रामकृष्ण बूट काढता काढता वर पाहून तसाच वाकलेला राहिला. यामिनी त्याच्या मागून आत आली, तिने पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही.

"जयभीम," मी म्हणालो.

रामकृष्णाने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "जयभीम." हा शब्द त्याच्या तोंडून निघाला तेव्हा तो घसा साफ केल्यासारखा निघाला.

मग ते बसले. माठातलं पाणी दोघेही प्याले, रामकृष्ण दोन पेले. त्याने सांगितलं की ते मूळचे भंडाऱ्याकडचे, खोब्रागडे. बँकेत लागला तेव्हा मुंबईत भाड्याने खोली शोधताना आडनाव सांगितलं की खोली आत्ताच गेली असं कळायचं. अकरा ठिकाणी तसं झालं. बाराव्या वेळेआधी त्याने आडनाव बदलून घेतलं, गावावरून भंडारकर. लोकांनी जे समजायचं ते समजलं, याने दुरुस्त केलं नाही. त्या नावावर खोली मिळाली आणि पुढे, सत्तावीस वर्षांपूर्वी, त्याच इमारतीत फ्लॅट झाला.

"इथे आलो तेव्हा भिंत पाहिली, बुद्धाशेजारची रिकामी जागा पाहिली आणि मला वाटलं, आपलेच असावेत," तो म्हणाला. "पण खात्री नव्हती, म्हणून मागून शेजाऱ्याला विचारलं. जेवायला बसलं की माणसं आडनाव विचारतात. म्हणून बाहेर खात होतो. तुम्ही तुमचं सांगितलं असतं तर मला माझं सांगावं लागलं असतं. बाटल्या आणि कुलूप ही तर नुसती मुंबईची सवय."

"आणि सहा डिसेंबरले?" मी विचारलं. "तुमचं घर तर चैत्यभूमीच्या बगलेत."

त्याने पेला खाली ठेवला. यामिनीच बोलली.

"त्या दोन-तीन दिवसांत बिल्डिंगमधले पुष्कळ लोक बाहेरगावी जातात. गर्दी नको म्हणून. आम्हीही जातो. लोणावळ्याला."

मी दोनदा हजार किलोमीटर जाऊन उघड्यावर झोपलो होतो, आणि हा माणूस त्याच दिवशी तिथून उलट्या दिशेने जात होता, सत्तावीस वर्षं. वातावरण हलकं करायला म्हणून मी पार्वताची गोष्ट काढली.

"तुमचा फोटो पण आता बाहेर आहे जी. आमच्या घरच्यांनं चादर काढताना पाहिला. टेबलावर ठेवला हॉलमध्ये. फुलंबिलं लावून."

मला वाटलं तो हसेल. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हॉलमध्ये? दार उघडं होतं का?"

"आता ते मले कसं..."

"आमच्याकडे समोरासमोर दारं आहेत," तो म्हणाला. "सकाळी सगळ्यांची उघडी असतात."

तो उठला, परत बसला. एकताला फोन लावावा का, असं यामिनीला विचारू लागला, तेवढ्यात त्याच्याच मोबाईलची घंटी वाजली. त्याने नाव पाहिलं. "चिन्मयी. समोरची." घाईत बोट भलतीकडे पडलं आणि फोन स्पीकरवर लागला.

आवाज तरुण होता, गोड होता. "काका, सॉरी हं, ट्रिपमध्ये त्रास देतेय. तुमच्याकडे ते एमपीचे गेस्ट आलेत ना, त्यांनी तुमच्या हॉलमध्ये आंबेडकरांचा फोटो मांडलाय. हार वगैरे. मेणबत्तीपण होती सकाळी. आईने पाहिला. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. म्हणजे आमचं काही म्हणणं नाही, पण दुसऱ्याच्या घरात असं न विचारता... त्यांचाच असणार ना तो?"

सुटकेचं दार आपण होऊन उघडलं होतं. त्याने फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की सत्तावीस वर्षं शाबूत, आणि पार्वता आणि एकता दोन आगाऊ बायका ठरणार, दुसऱ्याच्या घरात आपला देव मांडणाऱ्या.

रामकृष्णाने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग जमिनीकडे.

"हो," तो म्हणाला, "ते पाहुणे आहेत ना, त्यांचा..."

मला राग यायला हवा होता. आला नाही. काल याच भिंतीसमोर मी जे केलं तेच तो करत होता. त्याचा आवाज अगदी माझ्यासारखा सहज निघाला होता, खोटं बोलायची सवय असलेल्या माणसाचा नव्हे, घाबरायची सवय असलेल्या माणसाचा.

यामिनीने त्याच्या हातातून फोन घेतला. ओढून नाही घेतला, भांडं उतरवून ठेवावं तसा घेतला.

"चिन्मयी, काकू बोलतेय. तो फोटो आमचा आहे."

"तुमचा?" पलीकडून आलं.

"हो गं, आमचाच. पाहुण्यांचा नाही. कपाटात होता, त्यांनी फक्त बाहेर काढला. आईला सांग. आणि कोणी विचारलं तर त्यांनाही सांग."

तिकडून "अच्छा, अच्छा, ओके काकू" असं काहीतरी आलं आणि फोन बंद झाला. यामिनीने तो टेबलावर पालथा ठेवला.

"आता विचारतील," रामकृष्ण म्हणाला.

"विचारू दे."

"तुला काय वाटतं, ते आधीसारखे राहतील? प्रणवच्या सासरी कळेल. सुनेला माहीत नाही, यामिनी."

"मला माहीत आहे तिला माहीत नाही. दर चौदा एप्रिलला मी तो फोटो न्हाणीघरात नेऊन पुसते. कडी लावून. मी आता पुसणार नाही तसा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा आवाज आला, ती तोंड धूत असावी. मी आणि रामकृष्ण हॉलमध्ये राहिलो. आम्हा दोघांचं वय झालेलं, दोघांची पेन्शन चालू, दोघांनी आयुष्यभर साहेबांसमोर मान वर ठेवल्याच्या गोष्टी पोरांना सांगितलेल्या. मला त्याला म्हणायचं होतं की होते असं, मीही तसाच आहे. तो माझ्याकडे पाहत नव्हता आणि मी त्याच्याकडे पाहत नव्हतो, आणि समोरच्या भिंतीकडे पाहायची दोघांचीही हिंमत नव्हती.